सासूबाईंचं मशीन

जुन्या प्रार्थनाघराचं संग्रहालय झालं आणि रखवालदार म्हणून नेमलं कोणाला, तर नाटक्याला. हा गडी गावातल्या झाडून सगळ्यांचे आवाज काढायचा. उद्घाटन तोंडावर आलं तरी मांडायला होतं काय, दोन कंदील आणि एक फुटका रांजण. मग पठ्ठ्यानं बायकोला न विचारता घरातलं शिलाई मशीन उचलून आणलं. मशीन तिच्या आईचं. आई नुकतीच गेलेली.

तेव्हापासून बायकोनं अबोला धरला. जेवायला वाढायची, पण "भाजी हवी का" हे मांजराला विचारायची. नाटक्यानं अख्ख्या गावाचे आवाज काढून पाहिले, ती हसली नाही. घर नुसतं खायला उठायचं.

आता या इमारतीची एक गंमत. खिडकीच्या कोपऱ्यात कुजबुजलं की घुमटाखालून ते समोर दाराच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं, आणि तिथलं इथं. पूर्वी एखादी नवी सून तिथं उभी राहून देवाकडे काही मागायची आणि दारातली मंडळी तोंड दाबून हसायची. गावचं माणूस त्या कोपऱ्यात चकार शब्द काढत नसे.

एका दुपारी बायको आली. नाटक्या दारापाशी टेबल टाकून बसलेला. त्याच्याकडे न बघता ती थेट खिडकीशी, मशीनपुढे जाऊन उभी राहिली. तिचं लहानपण याच इमारतीत खेळण्यात गेलेलं. तरी कुजबुजली,

"आई, बघ तुझ्या जावयाचे उद्योग. पाटीवर काय लिहिलंय, तर 'जुनं शिलाई मशीन'. यावर शिवून शिवून तू आम्हा भावंडांना वाढवलंस. तुझं नाव कुठंय?"

चुकलं म्हणायला नाटक्यानं तोंड उघडलं, पण सवय वाईट. भिंतीकडे वळून त्यानं सासूबाईंचा आवाज काढला, "जाऊ दे गं पोरी. जावई माझा गुणाचा आहे."

ती पाठमोरीच. मग खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून हा घाबरला.

"आई," कोपऱ्यातून आवाज आला, "जिवंतपणी तर तू त्याला गाढव म्हणायचीस."

"ते लाडानं," सासूबाई म्हणाल्या.

"मग त्या गाढवाला सांग, पाटी बदल. आणि मशीनला तेल घाल, कुरकुरतंय."

"तूच सांग की. दारातच बसलाय."

ती वळली. डोळे पुसत होती आणि हसत होती. "ऐकलंस ना?"

"एवढ्या लांबून कसलं ऐकू येतंय," नाटक्या म्हणाला आणि तेलाची बाटली शोधायला लागला.