ताईची बशी

ताई जाऊन आठ महिने झाले, तरी तिच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी धाकट्या भावाच्या प्रयोगशाळेत मजेत वाढत होत्या. आज त्याच्या नव्या औषधाने त्या पटापट मेल्या.

"सर, पार्टी द्या! सगळ्या गेल्या!" सहकारीण ओरडली.

"वरातीमागून घोडं," तो म्हणाला.

तुलनेसाठी बिनऔषधाची ठेवलेली एक बशी उरली होती. नियमाप्रमाणे तिच्यातही आता पेशी मारायला ब्लीच ओतायचं होतं. ताईचं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं, आणि तिला मारलं होतं तेही याच पेशींनी.

"मी ओतू?"

"राहू दे गं."

लहानपणी त्याला भरवता भरवता ताईचं ताट रोज गार व्हायचं. त्याने पेशींना द्यायचं पोषक द्रव नीट कोमट केलं आणि हळूच बशीत वाढलं.