खिशातलं एक किलो

“जॅकेट नाही घातलंस?” काटेवाल्याने विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण सहजपणा हा काही त्याचा प्रांत नव्हता.

“नको आज,” मुलगी म्हणाली आणि आकड्याकडे पाठ करून काट्यावर उभी राहिली. आकडा तिने बघायचा नाही, तिला कुणी सांगायचाही नाही, अशी दवाखान्यातल्या नर्सबाईंची सक्त ताकीद होती.

पस्तीस वर्षं दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केलेल्या या माणसाचा जगावर काडीचा विश्वास उरला नव्हता. तागडीखाली चिकटवलेली चुंबकं, आतून पोखरलेली वजनं, सगळं त्याने पाहिलं होतं. त्यात पोटच्या पोरीनेच उपाशी राहून ‘जेवले, जेवले’ म्हणत दोन वर्षं डोळ्यांत धूळ फेकलेली. ती हसली तरी त्याला वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय.

दवाखान्यातून ती घरी आली, त्याला चार महिने झाले होते. सलग चार रविवार वजन टिकलं तर कॉलेजच्या हॉस्टेलवर परत जायचं, असं ठरलं होतं. तीन टिकले होते. आज चौथा.

आणि कालच संध्याकाळी त्याने आपली वजनांची पेटी उघडली, तर एक किलोच्या पितळी वजनाची खोबण रिकामी! त्याच पावली जाऊन त्याने पेटीसाठी नवं कुलूप आणलं. आज सकाळी मुलगी अंघोळीला गेल्यावर खुंटीवरचं तिचं जॅकेट चाचपलं. थंडी वाजते म्हणून दर रविवारी ती तेच घालून काट्यावर चढायची. वजन खिशातच होतं.

“अहो, काढून घ्या आणि गप्प बसा,” बायको कुजबुजली होती.

“मुळीच नाही. काट्यावरच रंगेहाथ धरतो.”

आणि आता बाईसाहेब जॅकेटशिवाय उभ्या. त्याने वाकून आकडा पाहिला. गेल्या रविवारचाच. म्हणजे पोरीने जागा बदलली तर! तो तिच्या खोलीत गेला आणि त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला.

वजन तिथेच होतं.

हिशेबाला त्याला कागद लागला नाही. गेल्या रविवारी हे किलो धरून जो आकडा होता, तोच आज त्याच्याशिवाय होता. पोरगी खरोखर भरली होती, जॅकेट धरलं तर किलोहूनही जास्त. त्याला इतका आनंद झाला की धावत जाऊन आकडा सांगावासा वाटला. पण तिला सांगायची सोय नव्हती.

“सापडलं?” ती दारात उभी होती.

त्याचा हात अजून खिशातच होता. रंगेहाथ सापडला होता तो स्वतः.

“तीन रविवार घेतलं होतं, बाबा.”

“मग आज का नाही?”

“हॉस्टेलवर तुमच्यासारखा संशयी माणूस कुठून आणू?” ती हसायला गेली, पण जमलं नाही. “तिथे मला कुणी पकडलंच नसतं. भीती वाटली. नर्सबाईंना फोन करा आणि खरं सांगा.”

“चारही रविवार पुन्हा मोजतील त्या.”

“मोजू देत.”

त्याने फोन केला. आकडा सांगताना मात्र गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. परत आला तेव्हा मुलगी टेबलाशी बसली होती. बायकोने पाव आणि अंडं वाढलं होतं. मुलगी बराच वेळ ताटाकडे बघत राहिली, मग तिने पावाचा तुकडा मोडला.

एरवी तो समोर बसून घास मोजायचा. आज त्याने वजन पुसलं, पेटीच्या खोबणीत बसवलं आणि पेटी तिच्या हाताला येईल अशी खालच्या फळीवर ठेवली. कुलूप किल्लीसकट खणात टाकलं आणि ताटाकडे न बघता आपला चहा प्यायला बसला.