मनकर्णाचा नवस

आमच्या घराण्यात माया करायची रीतच उलटी. ज्याच्यावर जीव, त्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं आणि वर त्यालाच विचारायचं, बाळा, मान का रे अवघडली? माझी भाची दिशा इथे शहरात, सावेडीत माझ्याकडे राहून बीएस्सी करते. तिचं नेमकं हेच झालं.

हिवाळ्यातल्या परीक्षेत केमिस्ट्रीच्या पेपरला ती अर्ध्या तासात कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आली. अभ्यास नव्हता म्हणावं, तर पुस्तकाचं पान न् पान तोंडपाठ. पण हातांना घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि प्रश्न चारदा वाचूनही कळेना. आता उन्हाळ्यात तोच पेपर परत द्यायचा होता. तो राहिला तर पुढच्या वर्गात प्रवेश नाही, वर्षभर घरी. आणि आमच्याकडे घरी बसलेल्या मुलीला कोणी पुस्तकं आणून देत नाही, स्थळं आणतात.

म्हणून मीच तिला कॉलेजातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मनातून मला ते थोतांड वाटत होतं. बोलून कधी कुणाला केमिस्ट्री आली आहे का? बाईंनी तिला सावकाश श्वास घ्यायला शिकवलं आणि सांगितलं, भीती वाटली की ती कशाची आहे हे स्वतःशी स्पष्ट बोलायचं. दिशा माझ्या ओट्याशी उभी राहून श्वासाचा सराव करायची आणि मी म्हणायची, अगं, श्वास सोड पण आधी पोळी उलट, करपली ती. पण गुण आला हे कबूल केलं पाहिजे. ह्या उन्हाळ्यातले बाकीचे सगळे पेपर तिने पूर्ण वेळ बसून लिहिले. उरली ती केमिस्ट्री.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी तिची आई आली. मनकर्णा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, पारनेर तालुक्यातल्या खेड्यात राहते, शेतात राबते. हातात बाजरीच्या भाकरी आणि ठेच्याची पिशवी, आणि पायात काहीच नाही. बाहेर डांबर वितळत होतं. एका टाचेला फडकं गुंडाळलेलं होतं, आत काटा मोडून पिकलं होतं.

मला सगळं ठाऊक होतं. दिशाचा पेपर राहिला तेव्हा मनकर्णा गावच्या भैरोबाला नवस बोलली होती, पोरगी ह्या विषयात पास होईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही. सगळ्या भावकीने तिचं कौतुक केलं, आई असावी तर अशी. मी तेवढी चिडले होते. मी म्हटलं, भैरोबाला केमिस्ट्री कळत असती तर आपल्या गावात एव्हाना दोन-चार डॉक्टर झाले असते. ती हसली आणि अनवाणीच राहिली.

त्या संध्याकाळी दिशाने ताटाला हात लावला नाही. मी दूध आणायचं निमित्त काढून तिला स्कूटीवर मागे बसवलं. डेअरीसमोर स्कूटी लावली, तेव्हा म्हणाली, "आत्या, पेपर समोर आला की मला आईचे पाय दिसणार."

मी स्कूटी बंद केली. ती सांगत राहिली. बाकीच्या पेपरांना भीती वाटली तरी ती तिची स्वतःची होती, तिला आवरता येत होती. ह्या पेपरात मात्र एक प्रश्न चुकला तरी आईच्या टाचेत अजून एक काटा, असंच तिच्या मनात येत होतं. बाईंना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, आईची तक्रार परक्यापुढे कशी करायची? मी तिला एवढंच सांगितलं, की मग परक्यापुढे करू नकोस, आईपुढेच कर.

सकाळी मनकर्णाने दिशाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. दिशाने ती खाल्ली नाही. तळहात तसाच धरून उभी राहिली आणि एक लांब श्वास घेतला. मी ओट्याशी जागच्या जागी थांबले.

"आई, तू चप्पल घाल. न्हाईतर मी पेपरला जानार न्हाई."

मनकर्णाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. नवस अर्धवट सोडला तर उलटा पडतो, इतके महिने काढले ते काय आजच्या दिवशी मोडायला का, असं ती म्हणू लागली. म्हणता म्हणता तिचा आवाज चढला. एरवी दिशा आईच्या चढ्या आवाजापुढे गप्प होते. त्या दिवशी झाली नाही.

"तुझ्या पायाची मला लई भीती वाटती, आई. मी नापास झाले तर माझ्यामुळं हुईल. पास झाले तरी माझ्यामुळंच. तेवढं तरी माझं मला राहू दे."

मनकर्णा मटकन खाली बसली. बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिली, जणू ते तिला आत्ताच दिसले. मला वाटलं, आता रडारड होणार आणि पेपर बुडणार. पण ती उठली आणि मला म्हणाली, "वन्सं, एखादी चप्पल द्या."

माझ्या चपला तिला होईनात, टाच सुजलेली. शेवटी आमच्या ह्यांच्या निळ्या स्लिपर काढून दिल्या. त्या घालून ती दारापर्यंत फटक फटक करत चालून आली आणि दिशाला फिसकन हसू आलं. मग तिने दही-साखर चाटून खाल्ली, बोटंसुद्धा.

मी तिला कॉलेजात सोडलं. मनकर्णा मागून रिक्षाने आली आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. अर्धा तास झाला तशी माझी नजर फाटकावरून हलेना. कोणी आलं नाही. तास झाला, तरी कोणी आलं नाही. मनकर्णाने माझा हात घट्ट धरला होता, तो हळूहळू सैल झाला. शेवटची घंटा झाल्यावर पोरांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात दिशा होती, बोटांना शाई, केस विस्कटलेले.

तिने आधी आईच्या पायांकडे पाहिलं. स्लिपर जागेवर होत्या. मग म्हणाली, एक प्रश्न राहिला, बाकी सगळं लिहिलं. तिच्या आवाजात कंप नव्हता. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या दोघींच्या रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

निकाल अजून लागायचा होता. मनकर्णाने पेपर कसा गेला हे विचारलं नाही, पास होशील का हेही नाही. आम्ही आधी डॉक्टरांकडून तिची टाच साफ करून घेतली आणि मग चपलांच्या दुकानात शिरलो. दिशाने खाली बसून आईच्या पायात एक एक जोड घालून पाहिला. मी मनकर्णाच्या कानाशी लागून विचारलं, आता भैरोबाला काय सांगणार?

"सांगितलं की मगाशीच, लिंबाखाली," ती म्हणाली. "म्हनलं, देवा, पोरगी मोठी झाली हाय. तिचं ती बघंल."