परतीचं काउंटर

आमचे बाबा, अँड्र्यू होलुबेक, यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीला रामराम ठोकला आणि बंद पडलेल्या, चेंडूने बाटल्या पाडायच्या बोलिंगच्या हॉलमध्ये स्वस्त मालाचं दुकान थाटलं. नियम एकच: वस्तू पटली नाही तर परत आणा, पैसे घ्या, कारण विचारणार नाही. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बघता बघता नऊ गावांत नऊ दुकानं झाली आणि माझा थोरला भाऊ रेमंड टाय लावून शिष्टपणा करायला लागला.

परतीच्या काउंटरवर मी. लोक काय वाट्टेल ते आणायचे. भोकं पडलेले मोजे, कुत्र्याने चावलेला बूट, ईस्टर उरकल्यावर ईस्टरचा झगा! मी तोंड वाकडं करून पैसे द्यायची. बाबा म्हणायचे, जाताना चार वस्तू घेऊन जातील. आणि न्यायचेही मेले.

मग हायवेवर ते अवाढव्य दुकान आलं. आमच्याकडे शुकशुकाट, गर्दी फक्त माझ्या काउंटरवर. नीट बघितलं तर वस्तूंवर स्टिकर त्या दुकानाचं! तिकडे पावती मागतात, हुज्जत घालतात, म्हणून मोडकं सगळं आमच्या गळ्यात. रेमंड म्हणाला, नियम बंद करा, नाहीतर बुडालो. जन्मात पहिल्यांदा मला त्याचं पटलं. पण बाबांना वाटायचं, ही रांग आपल्यावरच्या प्रेमाची. खरं काय ते त्यांना सांगायची छाती कोणाची होती? मी गुपचूप नखाने स्टिकरं खरवडायची.

एका शनिवारी मी जेवून परतले तर काउंटरवर स्वतः बाबा. समोर मिसेस साबोल, हातात पंखा, त्यावर ते स्टिकर. आता मी मेले, म्हटलं. बाबांनी चष्मा पुसला, स्टिकर वाचलं, नोटा मोजून दिल्या, वर नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. बाई काहीही न घेता चालती झाली.

"बाबा, तो पंखा आपला नव्हता."

"तू नखाने खरवडतेस ते मला दिसत नाही होय?"

"मग पैसे कशाला देता?"

"घ्यायला तिकडे जातात. हक्काने भांडायला अजून माझ्याकडेच येतात ना, डॉली."

मी हे सांगितलं तेव्हा रेमंडने कपाळावर हात मारला. वसंतात नऊही दुकानं लिलावात गेली. माल विकायला आलेल्या माणसांनी दारावर पाटी लावली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शेवटच्या दिवशी गाव नुसतं लुटायला लोटलं होतं. बाबा चांगला कोट घालून सकाळपासून परतीच्या काउंटरमागे उभे होते. मिसेस साबोल समोरून खुर्च्या ओढत गेली, मान वर न करता. संध्याकाळपर्यंत बाबांशी भांडायला एक माणूस आला नाही. मला फार रडू आलं.