माझ्या जाळीत अडकलेले रंगीत तंतू

भरतकामाच्या एका लहानशा कारखान्यात राबलेला मी जुना संगणक आहे. मित्रांनो, आता कितीही वेळा बटण दाबा, मी चालू होत नाही.

कारखाना दोघी बहिणींचा होता. थोरली माझ्या पडद्यावर वेलबुट्टी काढायची आणि शिलाईयंत्र ती उशीच्या अभ्र्यांवर, फ्रॉकच्या गळ्यांवर उतरवायचं. दिवसभर कापड कापलं जाई. हवेत उडणारे रंगीत तंतू माझा पंखा आत ओढत राही.

थोरली दर आठवड्याला मला बंद करून उघडायची. पंख्याचं पातं बोटानं धरून मऊ ब्रशनं जाळी झाडायची. कामंही बेतानं द्यायची. मोठी नक्षी तयार होत असली की बाकी सगळं बंद. व्हायरसची तपासणी जेवणाच्या सुट्टीत.

"ताई, यंत्र आहे ते, पाहुणा नाही," धाकटी हसायची.

"अगं, तापलं की त्याचा जीव घाबरा होतो. एकेक करू दे त्याला."

मग थोरली आजारी पडली आणि गेली. तिनं काढलेली सगळी वेलबुट्टी माझ्या पोटात होती.

धाकटीच्या नवऱ्यानं कारभार हाती घेतला. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. त्यानं मला टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलं. नक्षी, तपासणी, गाणी, व्हिडिओ, सगळं एकदमच सुरू. तापलो की वेग कमी करायचा, एवढंच माझ्या हातात होतं. मी तेच करत राहिलो. त्याला वाटलं, मी आळशी झालो.

"अहो, किती घरघरतोय. उघडून बघा ना," धाकटी म्हणायची.

"ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू."

एक ऑर्डर गेली की दुसरी येई. एका दुपारी पडदा काळा झाला, आणि मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

त्यानं झाकण काढलं. जाळीवर गोधडीसारखा जाड थर बसला होता. "पंखा फिरत होता हो, पण हवेला वाटच नव्हती. बोर्ड जळलाय, डिस्कही गेली. आतलं काही निघणार नाही. दुसरीकडे प्रत असेल ना?"

"ताईनं पेनड्राइव्हवर ठेवली होती," धाकटी म्हणाली. मग नवऱ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "आपण तो पुसून त्यात गाणी भरली."

तिनं जाळीवरचा थर सोलून काढला आणि मुठीत घट्ट धरला.

मला ते तिथंच सोडून गेले. दुरुस्तीवाल्यानं माझा पंखा धुऊनपुसून दुसऱ्या यंत्राला लावला. तो समोरच्या फळीवर छान फिरतो.

मित्रांनो, माझ्यासाठी आता कुणाला काही करता येणार नाही. पण तुमच्या टेबलाखाली कुणी घरघरत असेल, तर हातातलं काम बाजूला ठेवा. त्याला बंद करा, उघडा, झाडा. आणि त्याच्यावरचं थोडं ओझं उतरवा. माझ्या बाबतीत हे सगळ्यांना कळत होतं. फक्त कुणाला सवड झाली नाही.