भिंगरी कुणाकडे बघत होती

मित्रांनो, मी फोटोची एक जुनी चौकट आहे. माझ्या वरच्या आणि खालच्या पट्टीला फिक्या लाकडाचे नवे जोड आहेत. बघणाऱ्याला ती ठिगळं वाटतात. वाटू देत. ते जोड कसे आले, तेच मला सांगायचं आहे.

चौकट होण्याआधी मी बर्फाच्या गाडीची फळी होते. आमची गाडी दोन घोडे ओढायचे. भिंगरी ही घोडी आणि चांदवा हा तिचा मुलगा. चांदवा अगदी गरीब. भिंगरी मात्र महाबिलंदर. एका जागी उभी राहील तर शपथ! शेपटीचे किती फटकारे मी खाल्ले, ते माझं मला ठाऊक. गाडीवानाचं ती कधी ऐकायची नाही, पण त्याची बायको दारात आली की तिचे कान टवकारायचे. बायकोच्या मुठीत गाजर असायचं ना. गाडीवान म्हणायचा, "घोडी माझी आणि ऐकते हिचं."

पुढे बर्फाच्या कारखान्यानं मोटार घेतली आणि घोडे विकायचं ठरलं. गाडीवानाच्या घशाखाली घास उतरेना. घोडे जायच्या सकाळी त्यानं फोटोवाल्याला बोलावलं. तो स्वतः गाडीवर बसला, शेजारी थोरली मुलगी. भिंगरी काही केल्या उभी राहीना, म्हणून बायकोनं कडेला उभं राहून लगाम धरला. तान्ही धाकटी तिच्या कडेवर होती. "आता कुणी हलू नका," फोटोवाला म्हणाला, आणि भिंगरीनं नेमकी तेव्हाच मान वळवली. कुणाकडे, हे सांगायला नको. फोटोत तिला दोन तोंडं आली.

घोडे गेले, गाडी मोडली. सुतारानं माझ्या फळीतून ही चौकट केली, पण फळी पडली आखूड. फोटो मावेना. "कडेचा भाग कापू का?" सुतारानं विचारलं.

"कापू नका हो," गाडीवानाची बायको म्हणाली. "माझी बाजू मागे दुमडा. घोडे पुरते दिसले पाहिजेत. मी काय, घरातच आहे."

त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. धाकटीला तेव्हा धड चालताही येत नव्हतं. आईचा दुसरा फोटो घरात नव्हता. गाडीवानाला मला उघडायचा धीर कधी झाला नाही. "असू दे, आहे ती तिथे," एवढंच म्हणायचा.

मग वर्षांमागून वर्षं मी भिंतीवर. पाहुणे यायचे, दोन तोंडांच्या घोडीला हसायचे, चहा पिऊन जायचे. मुली मोठ्या झाल्या, म्हाताऱ्याही झाल्या. थोरलीनं धाकटीला वाढवलं. आता दोघी एकाच घरात राहतात आणि दिवसभर एकमेकींवर कुरकुरतात. माझ्यावर धूळ बसायची. पाठीला आईचा चेहरा होता आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं. फार जीव तुटायचा हो.

एके दिवशी भिंतीतला नळ गळू लागला. ओल माझ्या पाठीपर्यंत आली. धाकटीनं मला उतरवलं, उलटं केलं आणि तिला काळी बुरशी दिसली.

"ताई, मी हा फोटोच्या दुकानात नेऊन आणते. फोनवर दुकानदार म्हणाला, खराब कड कापून नव्या चौकटीत बसवून देतो."

थोरलीच्या हातातली कपबशी खळकन वाजली. "कड कापायची नाही. कडेला आई आहे."

"हे तू मला लहानपणापासून सांगतेस. मग आजवर उघडून का नाही दाखवलीस?"

थोरलीनं कपबशी खाली ठेवली. "भीती वाटायची गं. घडी उलगडताना फाटली आणि चेहराच गेला तर? बंद होती तोवर होती तरी."

धाकटीनं बुरशीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "आता बंद ठेवली तरी जाणारच आहे ती," ती हळूच म्हणाली. "आज उघडू. जे व्हायचं ते होईल."

दोघींनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं टाकलं. खिळे गंजून लाकडात रुतले होते. थोरलीनं पकड लावली आणि सारा जोर लावून ओढलं. मी मनात म्हणत होते, मोडा मला, खुशाल मोडा, पण बाई, त्या कागदाला जपा. शेवटी माझा कोपरा काडकन निखळला. दुखलं खूप. पण त्या वेळी माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती!

फोटो बाहेर आला. दुमडलेली कड मागे घट्ट चिकटून बसली होती. धाकटीनं ती नखानं उचलली मात्र, आणि कर्र असा आवाज झाला.

दोघी जागच्या जागी थिजल्या. घडीवर बारीक चीर पडली होती.

"सोड," थोरली म्हणाली. "कागद वाळून कडक झालाय. वाफ दाखवू या."

किटली चुलीवर चढली. वाफेपासून थोड्या अंतरावर दोघींनी फोटो चार हातांत धरला. जवळ गेला तर भिजेल, लांब राहिला तर मऊ होणार नाही. धाकटीच्या कपाळावरचा घाम गालावर ओघळला, तरी तिनं पुसला नाही. कड हळूहळू सैल झाली. थोरलीनं ती अगदी जरा उचलली, थांबली, पुन्हा जरा उचलली. चीर पुढे सरकली. ती लगामावरून गेली, लगाम धरलेल्या मनगटावरून गेली आणि तिथेच थांबली. मला हुश्श झालं.

कड उलगडली. कोपऱ्यात बुरशी होती, पण आईचा चेहरा स्वच्छ होता. तिच्या कडेवर तान्ही धाकटी होती. तिनं मूठभर आयाळ घट्ट पकडली होती. आणि भिंगरीचं वळलेलं तोंड या मायलेकींच्या दिशेनं होतं.

धाकटीनं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

"ताई," ती म्हणाली, "तू माझी वेणी घालायचीस ना, तेव्हा हुबेहूब अशीच दिसायचीस."

थोरली वाकून फोटोतला चेहरा जवळून बघू लागली.

"आणि मी जन्मभर म्हणत बसले, आई मला कधी दिसलीच नाही," धाकटी म्हणाली आणि बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी दोघी मला सुताराकडे घेऊन गेल्या. त्यानं जोड देऊन मला लांब केलं. आता अख्खा फोटो माझ्यात मावतो.

मित्रांनो, जुने फोटो ओल्या भिंतीवर टांगू नका. अधूनमधून उतरवून त्यांची पाठही बघत जा. आणि नवा फोटो काढाल तेव्हा कडेला लगाम धरून उभं असलेलं माणूस आधी आत घ्या. ते नको नको म्हणेल. त्याचं मुळीच ऐकू नका.