समितीसाठी रंगवलेली बर्फगाडी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. मला चाकं नाहीत, रुंद रबरी पट्टे आहेत. त्यांच्यावर मी बर्फातून सरकत जाते. पुढच्या डब्यात चालक बसतो आणि मागच्या डब्यात दोन स्ट्रेचर मावतात. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या एका लष्करी छावणीत रुग्णगाडी म्हणून माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म शेजारच्या स्वीडनमधला. इथे आले तेव्हा माझा थाट काही और होता. कड्याखाली अडकलेले सैनिक मी आणले. एकदा वादळात रस्ता बंद पडला, तेव्हा गावातल्या एका बाईला घेऊन मीच निघाले आणि तिचं बाळ माझ्याच मागच्या डब्यात जन्मलं. अभिमानाने सांगावं असं माझ्यापाशी तेवढंच आहे, म्हणून सांगते.

पुढे मागच्या डब्याचा हीटर बिघडू लागला. कार्यशाळेचा प्रमुख ओडवार याने तो किती वेळा दुरुस्त केला याला सुमार नाही. सुटे भाग मिळेनात, कारण ते बनवणंच बंद झालं होतं. उत्तरेच्या सगळ्याच छावण्यांत माझ्या बहिणींची हीच कथा होती. आमच्या छावणीचे प्रमुख मेजर टूर्गाइर यांनी नव्या गाड्यांची मागणी लावून धरली. एवढ्या खरेदीला संसदेची मान्यता लागते, म्हणून संसदेची संरक्षण समिती आम्हाला पाहायला येणार असं ठरलं.

आता माणसांची गंमत बघा. पाहुणे येणार म्हटल्यावर ओडवारने मला धुतलं, घासलं आणि नखशिखांत हिरवा रंग दिला. मागचा डबाही गॅरेजमध्ये गरम करून ठेवला.

"अरे, आपल्याला नवी मागायची आहे ना?" मेजर म्हणाले.

"म्हणून काय गंज दाखवायचा? संसदेतून माणसं येतायत, मेजर. आपली काही इज्जत आहे की नाही?"

मेजर हसले.

समिती आली. तिच्यात गुनवोर नावाच्या खासदार होत्या, धिप्पाड आणि मोकळ्या स्वभावाच्या. हातात तपकिरी चीज घातलेलं गरम वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडं, घेऊन त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"ही तर कालच आणल्यासारखी दिसते, टूर्गाइर. भागेल ना अजून दोन-तीन वर्षं?"

इथे मेजरांनी खरं सांगायला हवं होतं. पण आमच्याकडे रडगाणं गाणं कमीपणाचं समजतात.

"भागवतो आम्ही कसंतरी," ते म्हणाले.

अहवालात माझी स्थिती समाधानकारक ठरली आणि पैसे नौदलाच्या जहाजांकडे वळले. एवढं कौतुक झाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण माझं दुखणं मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत सरावाच्या वेळी सुनिव्हा नावाच्या सैनिक मुलीचा पाय मोडला. ओडवार तिला माझ्यातून घेऊन निघाला. अर्ध्या वाटेत हीटर बंद पडला. ओडवारने आपला कोटही तिच्यावर घातला, पण तिचा पाय बुटासकट फळीला बांधलेला, तिला हलताही येईना. मी जमेल तेवढी धावले. पाय वाचला, मात्र थंडीने गोठलेली त्याची तीन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. यंत्राला लाज नसते म्हणतात. मला वाटली.

ही बातमी संसदेत पोहोचली आणि एप्रिलमध्ये, बर्फ अजून गुडघाभर असताना, समिती पुन्हा आली. ओडवारने सवयीने रंगाचा डबा काढला होता. मेजरांनी त्याचं झाकण लावलं.

"राहू दे. आहे तशी दिसू दे."

गुनवोर या वेळी वाफलला नको म्हणाल्या. सरळ माझ्या मागच्या डब्यात चढल्या आणि स्ट्रेचरवर आडव्या झाल्या.

"स्ट्रेचरचे पट्टे आवळा," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला बांधलं होतं तसेच. आणि चला त्याच वाटेने."

परत आल्यावर गारठलेल्या बोटांनी त्यांना जाकिटाची चेनही धरता येईना.

"चूक माझी आहे," मेजर म्हणाले. "गेल्या वेळी मी बोलायला हवं होतं."

"आणि मी आत चढायला हवं होतं. मी बाहेर उभी राहून वाफल खात होते."

कुबड्या घेतलेली सुनिव्हा तिथेच होती. सैनिकांनी तिला आपली प्रतिनिधी निवडलं होतं, त्यामुळे खासदारांशी थेट बोलायचा तिला हक्क होता.

"तुम्ही थांबवा म्हणाला असतात तर गाडी थांबली असती," ती शांतपणे म्हणाली. "माझं थांबून भागणार नव्हतं."

गुनवोर यांनी होकारार्थी मान हलवली.

पानगळीच्या दिवसांत नव्या गाड्या आल्या. मी आता आवाराच्या कडेला उभी आहे, लवकरच भंगारात जाईन. वाईट वाटतं, पण मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझी विनवणी वेगळी आहे. मित्रांनो, देशाच्या पैशांतून घेतलेली वस्तू पाहायला जाल, तेव्हा पाहुणे होऊन जाऊ नका. तिच्यात ज्याला झोपावं लागणार आहे, त्याच्या जागी एकदा झोपून बघा.

परवाच गुनवोर पुन्हा आल्या होत्या. नव्या गाडीचा हीटर उत्तम चालतो, असं मेजरांनी त्यांना दारातच सांगितलं. तरी त्या आत आडव्या झाल्या आणि पूर्ण रस्ता जाऊन आल्या.